गर्भ, जीव आणि हिब्रू धर्मशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक तीन ठिकाणांहून येतात: चर्चमधले अभ्यासगट, कायद्याचे विद्यार्थी आणि व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून बुचकळ्यात पडलेले लोक. एक फॉरवर्ड म्हणतो, "ज्यू धर्मात गर्भपात सरळ चालतो". दुसरा म्हणतो, "बायबलात गर्भपाताला खून म्हटलंय". दोन्ही फॉरवर्ड एकेका वचनावर उभे आहेत आणि दोघांनीही पुढचं पान उलटलेलं नाही. पुस्तकांची नावं मराठी बायबलप्रमाणे दिली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हिब्रू शास्त्र म्हणजे बायबलचा जुना करारच ना? मग मध्येच तालमूद कुठून आला?

ज्यूंचा तनाख आणि प्रॉटेस्टंट बायबलातला जुना करार यांचा मजकूर एकच, पुस्तकांचा क्रम तेवढा वेगळा. त्यातली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा. कायदा म्हणून खरं वजन तिचं. पण तोरेतली कलमं अगदी त्रोटक आहेत. ती प्रत्यक्षात कशी लावायची याची तोंडी परंपरा इ.स. २००च्या सुमारास गालीलात राब्बी (ज्यू धर्मपंडित) यहुदा हानासी यांनी संकलित केली, ती मिश्ना. मिश्नेवर पुढची काही शतकं जो खल झाला तो तालमूद. याज्ञवल्क्यस्मृती घ्यायची आणि तिच्यावरचं भाष्य मिताक्षरा बाजूला ठेवायची, असं हिंदू कायद्याचा अभ्यासक करत नाही. इथेही तसंच. नुसती तोरा वाचून "ज्यू कायदा असा" म्हणणाऱ्याला अर्धाच कायदा माहीत असतो.

२. गर्भपात करू नये किंवा करावा, अशी स्पष्ट आज्ञा जुन्या करारात आहे का?

नाही. जाणूनबुजून केलेल्या गर्भपाताबद्दल तोरेत एकही कलम नाही. चुकून झालेल्या गर्भपाताबद्दल एकच आहे (प्रश्न ३). गर्भ पडणं हे दुःख म्हणून येतं, शाप म्हणून येतं. "तुझ्या देशात कोणाचा गर्भ पडणार नाही" असं वचनही निर्गम २३:२६ मध्ये आहे. गरोदर बायकांची पोटं फाडणं हे युद्धातलं घोर क्रौर्य म्हणून आमोस १:१३ मध्ये अम्मोनी लोकांच्या माथी मारलं आहे. यातलं एकही कलम नव्हे. शास्त्र गप्प आहे याचा अर्थ "चालतं" असा लावणारे आहेत, तसेच "इतकं उघड होतं की सांगायची गरजच नव्हती" असं म्हणणारेही. माझ्या मते मौनातून दोन्हीपैकी काहीच निघत नाही.

३. निर्गम २१:२२ मध्ये नेमकं काय म्हटलंय? सगळे तिथेच का येऊन थांबतात?

कारण कायद्याच्या भाषेत गर्भाचा उल्लेख होतो तो तेवढाच. प्रसंग असा: दोन पुरुष मारामारी करताहेत. एका गरोदर बाईला धक्का बसतो आणि "तिची मुलं बाहेर पडतात". पुढे 'आसोन' म्हणजे अनर्थ झाला नाही, तर मारणाऱ्याने बाईचा नवरा मागेल तो दंड न्यायाधीशांच्या निर्णयाप्रमाणे भरायचा. अनर्थ झाला, तर जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात.

सगळा वाद एकाच मुद्द्यावर आहे: अनर्थ कोणाला? वाक्यात त्याचं उत्तर नाही.

राब्बींनी एकमुखाने सांगितलं की आईला. म्हणजे गर्भ गेला आणि बाई वाचली तर प्रकरण दंडावर मिटतं. बाई गेली तर ती मनुष्यहत्या. या वाचनात गर्भाचं नुकसान खरंच आहे आणि त्याची किंमतही मोजून द्यायची आहे, पण ते खुनाच्या सदरात बसत नाही. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफसही आपल्या इतिहासात हेच कलम असंच सांगतो: लोकसंख्या घटवल्याबद्दल दंड, बाई मेली तर मृत्युदंड. गंमत म्हणजे हाच जोसेफस दुसऱ्या एका ग्रंथात, परक्यांपुढे ज्यू धर्माची बाजू मांडताना, आमच्या कायद्यात गर्भ पाडणारी बाई बालहत्यारी ठरते असं ठणकावून सांगतो. एकाच माणसाच्या लेखणीतून दोन्ही बाजूंना दारूगोळा मिळतो, आणि जो तो आपापला उचलतो.

आजच्या काही ख्रिस्ती भाष्यकारांचं म्हणणं असं की "मुलं बाहेर पडतात" म्हणजे अपुऱ्या दिवसांचं पण जिवंत बाळंतपण. मग अनर्थ आईला असो की बाळाला, शिक्षा सारखीच. व्याकरणात हे बसतं. पण तसं असेल तर कोणालाच इजा न होता दंड कशाचा, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. भरपाई कशी मोजायची ते प्रश्न १४ मध्ये आहे.

४. मग चर्चमध्ये आम्हाला वेगळं का शिकवलं गेलं?

याचं मूळ अलेक्झांड्रियात आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तिथल्या ज्यूंनी तोरा ग्रीकमध्ये नेली, तेव्हा हे कलम बदललं. ग्रीक पाठात 'अनर्थ' नाहीच. तिथे विचारलं आहे की बाहेर पडलेल्या बाळाला आकार आला होता का. आला नसेल तर दंड, आला असेल तर जिवाबद्दल जीव. त्याच शहरातला ज्यू तत्त्वज्ञ फायलो याच पाठावर बोलतो.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींचं जुन्या कराराचं पुस्तक होतं हा ग्रीक पाठ, म्हणून आकार आलेला गर्भ आणि न आलेला गर्भ हा भेद धर्मशास्त्री ऑगस्टिनपासून पुढे कित्येक शतकं पाश्चात्त्य चर्चमध्ये टिकला. शिक्षेपुरता तो भेद रोमने (पोपने) १८६९ साली काढून टाकला. म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांची फारकत एकाच कलमाच्या दोन पाठांवर झाली आहे, आणि त्यातला दुसरा पाठही ज्यूंनीच केलेला आहे!

५. त्या काळी शेजारच्या देशांत काय कायदा होता?

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या सुमारे इ.स.पू. १७५०च्या कायद्यात हाच प्रसंग आहे आणि दंड बाईच्या दर्जावर ठरतो. प्रतिष्ठिताच्या मुलीचा गर्भ पाडला तर १० शेकेल चांदी, सामान्याच्या मुलीचा ५, दासीचा २. प्रतिष्ठिताची मुलगी त्यात मेली तर मारणाऱ्याच्या मुलीला मारायचं. हित्ती कायद्यात दर महिन्यांवर आहे: दहाव्या महिन्यात १० शेकेल, पाचव्यात ५.

मध्य-अश्शूरी कायद्यात मात्र स्वतः गर्भ पाडणाऱ्या बाईला सुळावर चढवायचं आणि पुरायचंही नाही, असं कलम आहे. म्हणजे असा कायदा त्या जगाला सुचला होता, लिहिलाही गेला होता. तोरेत तो नाही. तसंच मारणाऱ्याऐवजी त्याच्या लेकीचा जीव घ्यायचा, हेही तोरेत नाही.

६. "उदरात घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखलं" असं देव यिर्मयाला म्हणतो. यापेक्षा स्पष्ट काय हवं?

यिर्मया १:५ हे संदेष्ट्याच्या नेमणुकीचं वचन आहे. शिवाय ते "घडवण्यापूर्वी" म्हणतं, म्हणजे गर्भधारणेच्याही आधीची गोष्ट. ते शब्दशः कलम मानलं तर गर्भ राहण्याआधीच माणूस मानावा लागेल, आणि तसं कोणीच म्हणत नाही.

स्तोत्रसंहिता १३९ मध्ये कवी म्हणतो की आईच्या पोटात तू मला विणलंस, मी नुसता गोळा होतो तेव्हाही तुझे डोळे माझ्यावर होते. ईयोब १० मधली प्रतिमा तर घरातल्या दुधातुपाची आहे. तू मला दुधासारखं ओतलंस, विरजून घट्ट केलंस, कातडी-मांस नेसवलंस, हाडं-स्नायूंनी गुंफलंस, असं ईयोब देवाला सुनावतो. सुनावतो अशासाठी, की एवढ्या कौतुकाने घडवलंस ते असं हाल करण्याकरता का, ही त्याची तक्रार आहे. हाच ईयोब तिसऱ्या अध्यायात "मी पडलेला गर्भ का झालो नाही" म्हणून रडतो.

ही वचनं फुकट नव्हेत. गर्भाशी देवाचं नातं आहे ही श्रद्धा त्यांत भरभरून आहे, आणि राब्बींनी गर्भपाताला हलकं मानलं नाही त्यामागे हीच श्रद्धा आहे. पण दंड किती, जीव कोणाचा आधी, हे ठरवताना त्यांनी स्तोत्रं पुढे केली नाहीत. काव्याला काव्य म्हणून वाचण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

७. जीव कधी येतो? चाळीस दिवसांचा नियम काय आहे?

तालमूदात यावर एकच उत्तर नाही, कारण प्रश्नही एकच नाही.

चाळीस दिवसांचं वाक्य येतं ते याजकाच्या विधवा मुलीच्या संदर्भात. माहेरी परतलेली अशी मुलगी मूलबाळ नसेल तर याजकांसाठी राखलेलं पवित्र अन्न खाऊ शकते. पण नवऱ्यापासून तिला दिवस गेले असतील तर? तालमूदातले पंडित राव हिस्दा म्हणतात, चाळीस दिवसांपर्यंत ते "नुसतं पाणी" आहे, तिने खावं. मिश्नेतही चाळिसाव्या दिवशी गर्भ पडला तर बाळंतपणाचा विटाळ धरू नये असं आहे. पुढे हीच रेघ इतर विषयांतही वापरली गेली.

आत्म्याचा प्रश्न निराळ्या ठिकाणी निघतो. अँटोनायनस नावाचा रोमन राज्यकर्ता राब्बी यहुदा हानासी यांना विचारतो, आत्मा गर्भधारणेला येतो की आकार येतो तेव्हा? राब्बी म्हणतात, आकार येताना. अँटोनायनस म्हणतो, मीठ न लावलेलं मांस तीन दिवस तरी न नासता राहील का? आत्मा पहिल्यापासूनच असणार. राब्बी मान्य करतात, "हे मला अँटोनायनसने शिकवलं" असं मोकळेपणाने सांगतात आणि ईयोबातलं वचन आधाराला देतात. मात्र या संवादावरून पुढे कोणी दंडाचं कलम काढलं नाही. आत्मा कधी येतो हे ठरलं म्हणून खुनाची व्याख्या ठरत नाही. आपल्याकडच्या वादांत या दोन गोष्टी हटकून एक केल्या जातात.

८. मुलगा आणि मुलगी यांत भेद केला आहे का? मुलगा व्हावा म्हणून काही विधी?

भेदाची चर्चा आहे. राब्बी यिश्माएल म्हणत की मुलाला एकेचाळिसाव्या दिवशी आकार येतो, मुलीला एक्याऐंशीव्या. त्यांचा आधार लेवीय १२: मुलगी झाल्यावर विटाळाचे दिवस दुप्पट आहेत. बाकीच्या पंडितांनी दोघांना एकेचाळीसच दिले. या वादात क्लिओपात्राने मृत्युदंड झालेल्या दासींवर केलेल्या तपासणीची एक भयंकर कथा दोन्ही बाजूंनी, उलटसुलट निष्कर्षांसह, येते आणि समोरचा दर वेळी "मूर्खांचा पुरावा नको" म्हणून ती उडवून लावतो.

विधीचं म्हणाल तर मिश्नेचं उत्तर सडेतोड आहे: बायको गरोदर असताना "मुलगाच होऊ दे" अशी प्रार्थना करणं म्हणजे फुकट प्रार्थना. जे ठरून गेलं त्यासाठी काय मागायचं? तालमूद त्यात थोडी सवलत देतो आणि नवऱ्याला वेळापत्रकच आखून देतो. पहिले तीन दिवस बीज नासू नये म्हणून मागा. तीन ते चाळीस दिवस हवं तर मुलगा मागा. चाळीस दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत गर्भ चपटा, विद्रूप होऊ नये म्हणून, तीन ते सहा महिने गर्भ पडू नये म्हणून, आणि सहा ते नऊ महिने सुखरूप सुटका व्हावी म्हणून मागा. चाळीस दिवसांची रेघ इथे पुन्हा दिसते.

९. अभिमन्यूसारखं पोटातच शिकण्याची गोष्ट ज्यूंत आहे का?

आहे, आणि शेवट उलटा आहे. राब्बी सिमलाई सांगतात: आईच्या पोटात बाळ घडी घातलेल्या वहीसारखं असतं, हात कानशिलांवर, टाचा मागे दुमडलेल्या. त्याच्या डोक्यावर दिवा जळत असतो आणि त्या उजेडात त्याला जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसतं. त्याला संपूर्ण तोरा शिकवली जाते. जन्माच्या क्षणी देवदूत येतो, तोंडावर एक चापट मारतो आणि बाळ सगळं विसरतं. अभिमन्यूला निदान आत शिरण्यापुरतं तरी आठवत होतं! हे आख्यान आहे, कायदा नाही. मात्र गर्भाकडे पाहण्याची वृत्ती त्यातून कळते.

१०. गर्भ हा आईच्या शरीराचाच भाग मानतात, हे खरं आहे का?

काही विषयांत, हो. "गर्भ हा आईच्या मांडीसारखा", म्हणजे तिच्या अवयवासारखा, असं एक सूत्र तालमूदात चर्चेला येतं. गरोदर बाईने ज्यू धर्म स्वीकारला आणि विधीचं स्नान केलं, तर जन्मलेल्या बाळाला वेगळं स्नान लागत नाही.

या विचाराचं सगळ्यात कठोर रूप मिश्नेत आहे. मृत्युदंड झालेली बाई गरोदर असेल तर बाळंतपणाची वाट पाहायची नाही. बाळंतपणाच्या आसनावर बसली असेल तरच थांबायचं. तालमूद विचारतो, हे सांगायला कशाला हवं, तो गर्भ तिचं शरीरच नाही का? उत्तर असं की निर्गमात भरपाई नवऱ्याला दिली आहे, म्हणून कोणाला वाटेल गर्भ ही नवऱ्याची मालमत्ता आहे, त्याचं नुकसान टाळायला थांबावं. तसं नाही. पण कळा लागून बाळ जागचं हललं की ते "दुसरं शरीर" झालं.

हे वाचून आजच्या वाचकाला धक्का बसतो, आणि बसावाच. मात्र हे सूत्र सगळीकडे लावू नका. अवयवासाठी कोणी शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन, ज्यात काम मना असतं) मोडत नाही, गर्भासाठी मोडतात (प्रश्न १३).

११. बाळंतपणात बाई अडली आणि दोघांपैकी एकच वाचणार असेल तर?

यावर मिश्ना निःसंदिग्ध आहे, आणि तिचे शब्द ऐकायला जड आहेत. बाई अडली असेल तर पोटातल्या बाळाचे तुकडे करून एकेक अवयव बाहेर काढायचा, "कारण तिचा जीव त्याच्या जिवाच्या आधी". बाळाचा बहुतेक भाग बाहेर आला असेल तर हात लावायचा नाही, "कारण एका जिवासाठी दुसरा जीव बाजूला सारत नाहीत".

सिझेरियन करून आई वाचू शकत नव्हती त्या काळातलं हे आहे. सुईण आत हात घालून काय करू शकते एवढाच पर्याय होता. तालमूद या नियमात "बहुतेक भाग" ऐवजी "डोकं" म्हणतो. अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी सरळ कारण देतो: जगाच्या हवेत बाहेर येईपर्यंत तो 'नेफेश' नाही, म्हणजे कायद्याच्या अर्थाने पूर्ण मनुष्यजीव नाही. इथे "परवानगी आहे" एवढंच म्हणणं कमी पडेल. आईला वाचवणं कर्तव्य आहे.

१२. मायमोनिडीज (मध्ययुगीन ज्यू कायदेपंडित) तर गर्भाला 'पाठलाग करणारा' म्हणतो. मग डोकं बाहेर आल्यावर तो पाठलाग थांबतो का?

हा खरा अवघड प्रश्न, आणि तो तालमूदातच विचारलेला आहे. जीव घ्यायला मागे लागलेल्या माणसाला, दुसरा उपाय नसेल तर, मारूनही थांबवावं असा नियम आहे. राव हूना म्हणतात की पाठलाग करणारा अजाण मूल असलं तरी हाच नियम. राव हिस्दा अडवतात: मग डोकं बाहेर आलेल्या बाळाला का सोडायचं? तेही आईचा जीव घेतंच आहे. उत्तर मिळतं, "तिथे गोष्ट वेगळी. तिचा पाठलाग स्वर्गातून होतो आहे." बाळाचा दोष नाही.

एवढं झाल्यावरही बाराव्या शतकात मायमोनिडीज आपल्या संहितेत लिहितो की गर्भ औषधाने किंवा हाताने तोडून काढावा, कारण तो आईचा पाठलाग करणाऱ्यासारखा आहे. डोकं बाहेर आलं की हात लावू नये, तो जगाचा स्वभाव आहे. पाठलाग आधीही तोच, नंतरही तोच, मग कारण का बदललं? या एका वाक्यावर आठशे वर्षं शाई सांडली आहे. राशीची बाजू धरली तर गर्भ पूर्ण जीव नाही, म्हणून मोकळीक जास्त. मायमोनिडीजची धरली तर जिवावर बेतलं तरच हात लावता येतो. आजचे बहुतेक मतभेद (प्रश्न १८) इथूनच फुटतात.

१३. गर्भासाठी शब्बाथ किंवा उपास मोडता येतो का?

येतो. बाळंतपणाच्या आसनावरच बाई शब्बाथला मेली तर सुरी आणून पोट फाडून बाळ काढावं, असं शमुएल नावाच्या पंडितांच्या नावे तालमूदात आहे; त्यासाठी सुरी भर रस्त्यातून नेली तरी चालेल, आणि बाळ जिवंत असेल की नाही ही शंका असली तरी. तेराव्या शतकात राब्बी नाह्मानिडीसने जुन्या आधाराने म्हटलं की चाळीस दिवसांच्या आतल्या गर्भासाठीही शब्बाथ मोडावा, पुढे त्याने अनेक शब्बाथ पाळावेत म्हणून.

उपासाची गोष्ट आपल्या वाचकांना पटकन कळेल, कारण ती डोहाळ्यांची आहे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या कडक उपासात गरोदर बाईला अन्नाचा वास आला आणि जीव कासावीस झाला, तर तिला खाऊ घालावं असं मिश्ना सांगते. तालमूदात दोघींची कथा आहे. एकीच्या कानात लोकांनी "आज योम किप्पूर आहे" म्हणून कुजबुज केली, आणि तिची इच्छा शमली. तिच्या पोटी थोर राब्बी योहानान जन्मले. दुसरीच्याही कानात तसंच सांगितलं, ती ऐकेना. तिला झाला शब्बताई, धान्य-फळांचा साठेबाज. डोहाळ्यांवरून मूल ओळखण्याची हौस तिकडेही होती तर.

१४. भरपाई कशी मोजायची? न जन्मलेल्या बाळाची किंमत कोण ठरवणार?

मिश्नेत हीच पंचाईत आहे. पहिली पद्धत: गरोदर असताना बाईची किंमत किती आणि गर्भ गेल्यावर किती, यातला फरक द्यायचा. (जखमेची भरपाई तेव्हा गुलामांच्या बाजारभावावरून काढत, त्यामुळे ही भाषा.) रब्बान शिमोन बेन गम्लिएल म्हणतात, हा हिशेब उलटा बसतो, कारण बाळंत होऊन सुटलेल्या बाईची किंमत वाढते! मग मारणाऱ्यानेच पैसे मागायचे का? त्यांचं म्हणणं, गर्भाचीच किंमत काढा आणि नवऱ्याला द्या. नवरा नसेल तर त्याच्या वारसांना.

पैसे आईला नाहीत, हे खुपतं. तिच्या स्वतःच्या जखमेची आणि वेदनेची भरपाई वेगळी असते. आणि माणसाऐवजी दुसऱ्या बैलाच्या अंगावर धावलेल्या बैलाचं शिंग बाईला लागून गर्भ गेला, तर मालकाला गर्भाची भरपाई नाहीच.

१५. गर्भाला वारसा मिळतो का? आणि गर्भ गेला तर सुतक धरतात का?

परक्याने गर्भाच्या नावे दान दिलं तर ते लागू होत नाही. बापाने स्वतःच्या होणाऱ्या मुलाला दिलं तर होतं, कारण माणसाचं मन आपल्या मुलाकडे ओढलेलं असतं. एक दिवसाच्या बाळाला मात्र सगळे हक्क: ते वारसा घेतं, वारसा देतं, त्याला मारणारा खुनी ठरतो, आणि आईबापांना ते, मिश्नेच्या शब्दांत, "पुऱ्या नवरदेवासारखं" असतं.

शोकाचा नियम वेगळा आहे. तीस दिवस पुरे होऊन पुढे जगलेल्या बाळाचाच शोक विधीपूर्वक पाळायचा, त्याआधी गेलेल्याचा किंवा पडलेल्या गर्भाचा नाही. अर्धी बाळं दगावत त्या काळात घर सतत शोकात बसू नये हा त्यातला कनवाळूपणा असावा असं मला वाटतं. आजच्या आईबापांना तो कोरडेपणा वाटतो, आणि अलीकडे अनेक ज्यू समाजांत अशा प्रसंगांसाठी प्रार्थना म्हणू लागले आहेत.

१६. गणना ५ मधलं कडू पाणी म्हणजे गर्भपाताचं औषधच ना?

संहितेत तसं नाही. नवऱ्याला बायकोच्या व्यभिचाराचा संशय आला की याजक पवित्र पाण्यात निवासमंडपातली जमिनीची धूळ घालतो, शाप लिहून त्याची शाई त्यात धुतो आणि बाईला पाजतो. दोषी असेल तर पोट फुगेल, मांडी झडेल. निर्दोष असेल तर तिला मूल होईल. ती गरोदर आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. काही आधुनिक इंग्रजी भाषांतरांनी मात्र "गर्भपात" हा शब्द घातला आहे. धूळ आणि शाईच्या पाण्याने गर्भ पडत नाही. सगळा भरवसा देवाच्या निवाड्यावर आहे. विधी म्हणून तो बायकांना अपमानकारक आहे, ते वेगळं. योहानान बेन जक्काई यांनी पहिल्या शतकात तो बंद केला.

१७. गर्भ पाडला तर ज्यूला मृत्युदंड नाही, पण इतरांना आहे, असं वाचलं. हे काय?

वाचलंत ते बरोबर आहे. नोहाच्या वंशजांना, म्हणजे सगळ्या मानवजातीला, लागू असलेल्या नियमांत राब्बी यिश्माएल गर्भहत्येला मृत्युदंड सांगतात. आधार उत्पत्ति ९:६, "माणसाचं रक्त जो सांडेल". हिब्रू शब्दरचना "माणसातला माणूस" अशीही वाचता येते. माणसात माणूस कोणता? पोटातला गर्भ. मायमोनिडीजनेही हे आपल्या संहितेत घेतलं.

यातून एक अडचण उभी राहिली: इतरांना निषिद्ध आणि ज्यूंना मोकळं असं काही असू शकत नाही, असं दुसरं सूत्र आहे. म्हणून मध्ययुगीन तोसाफोत भाष्यकारांनी निष्कर्ष काढला की ज्यूलाही ते निषिद्धच, फक्त शिक्षा नाही. "ज्यू धर्मात चालतं" म्हणणारा फॉरवर्ड नेमका इथे अडखळतो.

१८. बाळात व्यंग असेल, किंवा गर्भ व्यभिचारातून राहिला असेल तर?

प्राचीन ग्रंथ यावर थेट बोलत नाहीत. नंतरच्या राब्बींच्या निवाड्यांत दोन टोकं दिसतात.

सतराव्या शतकात जर्मनीतल्या याईर बाखराख यांच्याकडे व्यभिचारातून गरोदर राहिलेल्या, पस्तावलेल्या विवाहितेचा प्रश्न आला. औषध घेऊन गर्भ पाडू का? मूळ शास्त्राने कदाचित अडवता येणार नाही, पण स्वैराचाराला बांध म्हणून चालत आलेली रीत मना करते, असं त्यांनी लिहिलं. अठराव्या शतकात याकोब एम्डेन यांनी अशाच प्रश्नाला परवानगी दिली, आणि मोठी निकड असेल तर जिवाचा धोका नसतानाही सूट असावी असं सुचवलं.

१९७०च्या दशकात टे-सॅक्स या जीवघेण्या आनुवंशिक आजाराची गर्भातच चाचणी शक्य झाली. जेरुसलेममधले एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी सातव्या महिन्यापर्यंत गर्भपाताला परवानगी दिली, कारण आईचं मानसिक दुःखही दुखणंच. न्यूयॉर्कच्या मोशे फाइनस्टाइन यांनी कडाडून विरोध केला: हा खूनच, आईचा जीव जात असेल तरच अपवाद. दोघेही सनातनी, दोघांपुढे तेच ग्रंथ. आज कर्मठ कुटुंबं साधारणपणे आपल्या राब्बीला विचारतात आणि राब्बी त्या एका प्रसंगापुरता निर्णय देतो.

१९. आईला आजार नाही, पण बाहेरून धोका आहे, असा प्रसंग कधी आला का?

१९४२ साली लिथुआनियातल्या कोव्हनो घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, जर्मनांनी फर्मान काढलं की गरोदर ज्यू बाई सापडली तर मारली जाईल. राब्बी एफ्राइम ओश्री यांना विचारलं गेलं, गर्भ पाडावा का? त्यांनी हो म्हटलं. आई मेली तर गर्भही वाचणार नव्हता. ओश्री असे प्रश्न आणि आपली उत्तरं सिमेंटच्या पोत्यांच्या फाडलेल्या कागदांवर लिहून डब्यांत पुरून ठेवत. ते स्वतः वाचले, आणि युद्धानंतर ती उत्तरं छापली गेली.

२०. मग आजच्या इस्राएलमध्ये हाच धर्मकायदा चालतो का?

नाही. तिथे १९७७ सालचा संसदेने केलेला कायदा आहे. त्यानुसार दोन डॉक्टर आणि एक समाजसेवक अशी तिघांची समिती परवानगी देते, आणि तिघांत किमान एक बाई असावीच लागते. वय, लग्नाबाहेरचा किंवा बलात्कारातून राहिलेला गर्भ, बाळातलं व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका, ही कारणं त्यात आहेत. घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती हेही कारण मुळात होतं. धार्मिक पक्षांच्या दबावाने ते दोन-तीन वर्षांतच काढलं गेलं.